क्लच गेला म्हणजे काय गेले?

मोटारगाडीच्या दुखण्यांची जी नावे आपल्या लोकांच्या तोंडी रुळली आहेत, त्यांत ‘क्लच गेला’ याइतके व्यापक आणि याइतके निरुपयोगी नाव दुसरे नसेल. चढावर गाडी दमली की क्लच गेला. रिव्हर्स टाकताना कर्रकन आवाज झाला की क्लच गेला. पेडल जड झाले, गाडी उचलताना थरथरली, कुठे जळका वास आला, सर्वांचे निदान एकच. पोटदुखीने हैराण झालेल्या माणसाने वैद्याकडे जाऊन ‘पोट गेले’ एवढेच सांगावे आणि वैद्यानेही नाडी न पाहता सुरी परजावी, तशातली ही तऱ्हा आहे. सुरी म्हणण्याचे कारण असे, की क्लच डोळ्यांनी पाहावयाचा तर बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स उतरवावा लागतो. खर्चाचा मोठा वाटा पुष्कळदा त्या उतरवण्या-चढविण्यातच जातो. म्हणून उघडण्यापूर्वी बाहेरून जेवढे विचारता येईल तेवढे विचारून घ्यावे, हे या प्रकरणातले खरे शहाणपण होय.

आम्ही काही यंत्रविशारद नव्हे. गुरुविद्यालयात आम्हांला तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकविले गेले. क्लच शिकविला तो डोंगरपट्टीतल्या एका वृद्ध मिस्त्रीने. तेव्हा ठाणे जिल्ह्याचे विभाजन झालेले नव्हते. पालघर जिल्हा वेगळा झाला तो २०१४ साली. त्या घाटवाटांवर आमची जुनी व्हॅन वरचेवर आजारी पडे आणि तिला घेऊन आम्ही त्या मिस्त्रीच्या छपराखाली तासन् तास बसत असू. त्याची एक रीत होती. गाडी आली की तो प्रथम दोन्ही हात खिशांत घालून उभा राही. पाना हातात घेण्याआधी गाडीच्या मालकाला आणि मग खुद्द गाडीला तो प्रश्न विचारी. त्याच्या त्या प्रश्नांच्या शिदोरीवर आम्ही आजवर निभावून नेत आलो आहोत, आणि तीच येथे वाचकांपुढे सोडावयाची आहे. आता आपल्या घराघरांत गाडी आली आहे. त्यांतील बहुसंख्य गाड्या अजूनही हाताने गिअर बदलण्याच्याच आहेत. सन २०१४ मध्ये सेलेरिओ आली, तेव्हापासून क्लचचे पेडलच नसलेल्या स्वस्त गाड्याही आपल्याकडे दिसू लागल्या. पण पेडल गेले तरी त्यांच्या पोटात क्लच आहेच, तो दाबण्याचे काम पायाऐवजी यंत्र करते इतकेच.

पोटात काय आहे ते आधी पाहू. आपल्या आजीचे जाते डोळ्यांपुढे आणावे. खालची तळी म्हणजे इंजिनाला जोडलेले जड चाक, ज्याला फ्लायव्हील म्हणतात. इंजिन चालू असेतोवर ते फिरतच राहते. वरची तळी म्हणजे प्रेशर प्लेट. या दोहोंच्या मध्ये, दोन्ही अंगांना खरखरीत लायनिंग चिकटविलेली एक पातळ तबकडी असते, तीच क्लच प्लेट. तिच्या मधल्या दातेरी भोकातून गिअरबॉक्सचा दांडा आत शिरलेला असतो. प्रेशर प्लेटच्या पाठीवरची ताटलीच्या आकाराची पोलादी स्प्रिंग त्या तबकडीला फ्लायव्हीलवर करकचून दाबून धरते. मग इंजिन फिरले की तबकडी फिरते, दांडा फिरतो आणि चाके फिरतात.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवली पाहिजे. धरण्याचे काम स्प्रिंगचे आहे, पायाचे नव्हे. पाय पेडलवर पडतो तो केवळ सोडविण्यासाठी. पेडलचा दाब केबलने किंवा ब्रेक ऑइलच्या नळीतून फोर्कपर्यंत जातो, फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, बेअरिंग स्प्रिंगच्या बोटांना दाबते आणि तबकडी मोकळी होते. हे समजले की क्लचची मुख्य दुखणी दोनच उरतात. एक, तो नीट धरत नाही. दुसरे, तो नीट सोडत नाही. पहिल्याला गॅरेजात ‘स्लिप मारणे’ म्हणतात. दुसऱ्यात ‘गिअर पडत नाहीत’ अशी तक्रार येते. ही दोन्ही एकमेकांच्या अगदी उलट आहेत, त्यांची कारणे उलट आहेत आणि पुष्कळदा उपायही उलट. दोहोंना एकच नाव दिल्याने किती अनर्थ होतो, त्याचे एक उदाहरण सांगतो.

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण शेतकरी स्वतःच्या आणि शेजाऱ्यांच्या वाडीतली फुले व भाजी पिकअपमधून पहाटे दादरच्या बाजारात नेतो. घर त्या पिकअपवर चालते. एके दिवशी संध्याकाळी त्याची आई आमच्याकडे आली. पतपेढीत बांगड्या तारण ठेवावयाच्या होत्या आणि त्या कामी कोणी जामीन मिळेल का, हे विचारावयास ती आली होती. कारण विचारले तेव्हा म्हणाली, “फादर, गाडीचा क्लच गेला. गिअरबॉक्स उतरवून सगळा सेट बदलायला सांगितलाय. गाडी बंद राहिली तर फुले कुठे टाकायची?” फुलांना दुसरा दिवस नसतो, हे आमच्या पट्ट्यात कोणाला सांगावे लागत नाही.

आम्ही तिच्याबरोबरच निघालो. मुलगा अंगणात गाडीपाशी हिरमुसला होऊन उभा होता. पहिला प्रश्न आम्ही त्यालाच केला. “बाळ, भरलेली गाडी पुलाच्या चढावर ओढते का रे?”

“ओढते ना, फादर. ओढायची काही तक्रार नाही. पहिला आणि रिव्हर्स पडत नाही. कर्र कर्र करतो.”

अर्धे निदान या उत्तरातच होते. भरल्या गाडीने इंजिन वायफळ न किंचाळता चढ चढावा, याचा अर्थ तबकडी धरते आहे. झिजलेली तबकडी सहसा धरण्यात कमी पडते, सोडण्यात नव्हे. सेट संपला असता तर गाडीने पहिली तक्रार चढावर केली असती.

मग गाडीला विचारावयाचे. इंजिन बंद ठेवून सर्व गिअर एकेक करून टाकून पाहिले. लोण्यात सुरी जावी तसे पडले. ही कसोटी फुकटची आहे आणि तिच्याइतकी बोलकी दुसरी नाही. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा दांडा स्वस्थ असतो, त्याला फरफटत नेणारे कोणी नसते. तेव्हाही गिअर अडखळले तर दोष क्लचमध्ये नाही. तो गिअरच्या दांड्यांत, केबलींत किंवा गिअरबॉक्सच्या पोटात शोधावा. बंद इंजिनावर सुरळीत आणि चालू इंजिनावर कर्रकर्र, असे झाले तर क्लच पुरता सुटत नाही असे समजावे. यातही एक पोटभेद आहे. चालत्या गाडीत सर्व गिअर ठीक पडतात आणि एकच, समजा दुसरा, खरखरतो. तर तो त्या गिअरच्या सिंक्रोनायझरचा दोष असण्याचा संभव अधिक. क्लच सोडत नसेल तर तो एकाच गिअरशी वैर धरणार नाही.

त्यानंतर इंजिन सुरू करून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, पेडल तळापर्यंत दाबावयास सांगितले. मनात दहा अंक मोजले आणि मग रिव्हर्स टाकावयास लावला. दहा अंक मोजण्याचे कारण असे, की तबकडी खरोखर सुटली असेल तर तेवढ्या अवधीत दांडा फिरावयाचा थांबतो. रिव्हर्सच निवडावयाचा, कारण पुष्कळ गाड्यांत त्याला सिंक्रोनायझर नसतो आणि तो काही झाकून ठेवीत नाही. कर्र झाले. मग म्हटले, “आता पेडल दोन-तीनदा भरभर मार, शेवटी दाबूनच ठेव, आणि पुन्हा टाक.” तसे करताच रिव्हर्स निमूटपणे पडला!

पेडल मारल्याने सुधारणारा क्लच हा तेलाच्या वाटेवरचा रोगी असतो. नळीत हवा शिरली किंवा ऑइल गळू लागले की पायाचा दाब फोर्कपर्यंत पुरता पोचत नाही. दोन-तीनदा मारल्याने तेवढ्यापुरता पोचतो. बॉनेट उघडून डबी पाहिली तर ऑइल खालच्या रेघेच्याही खाली. बॅटरी घेऊन गाडीखाली डोकावलो, तो गिअरबॉक्सच्या कुशीला असलेल्या स्लेव्ह सिलिंडरचे रबरी टोपण ओले चिंब. (ते तसे कोरडे निघाले असते तर पेडलच्या वर, पायमोजणीच्या गालिच्याखाली हात फिरवून पाहावयाचे असते, मास्टर सिलिंडर गळू लागला की ऑइल पुष्कळदा तेथे उतरते.) गिअरबॉक्सला हात लावण्याचे कारणच नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला आम्ही त्याच गॅरेजात पाठविले, आणि जे पाहिले ते क्रमाने सांग असे बजावले. सिलिंडर बदलला, नवे ऑइल भरले, नळीतली हवा काढली. हवा काढण्यास दोन माणसे लागतात. एकाने पेडल दाबून धरावयाचे, दुसऱ्याने निपल उघडून लगेच बंद करावयाचा आणि मगच पेडल सोडावयाचे; निपल उघडा असताना पाय उचलला तर नळी पुन्हा हवा ओढून घेते. त्या ऑइलचा थेंब रंगावर पडू देऊ नये, रंग फुगून निघतो. दुपारपर्यंत गाडी अंगणात होती आणि बांगड्या हातांतच राहिल्या.

त्या मिस्त्रीला दोष देण्यास आमचे मन मात्र घेत नाही. तो म्हणाला, “फादर, मला एवढंच सांगितलं, क्लच गेला, सेट बदल. गाडी चढ ओढते हे कोणी बोललंच नाही.” त्याचे खरे होते. गॅरेजवाला फसवितो ही आपल्यातली सार्वत्रिक तक्रार आहे, आणि फसविणारे असतातही. पण गिऱ्हाईकच जेव्हा रोगाऐवजी औषधाचे नाव सांगते, तेव्हा दुकानदाराने ते औषध दिले तर नवल कसले? गॅरेजात जाताना काय होते, केव्हा होते, थंड इंजिनावर की तापल्यावर, चढावर की थांबल्यावर, एवढे चार शब्दांत सांगावे. भागाचे नाव मिस्त्रीवर सोपवावे.

केबलच्या गाड्यांत न सुटण्याचे कारण त्याहून साधे असते. केबल वापराने ताणते, पेडलची मोकळी चाल वाढते आणि उरलेली चाल तबकडी सोडविण्यास पुरत नाही. मोकळी चाल म्हणजे पेडलला बोटांनी हलकेच दाबले असता प्रतिकार लागेपर्यंत ते जेवढे खाली जाते तेवढी. पुष्कळ केबलच्या गाड्यांत ती साधारण १० ते २५ मिलिमीटरच्या घरात असते. आपल्या गाडीचा नेमका आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत छापलेला असतो. ती पुस्तिका बहुतेक घरांत प्लॅस्टिकच्या पिशवीत तशीच गुंडाळलेली राहते, ही गोष्ट वेगळी. चाल फार वाढली असेल तर केबलच्या टोकाचा नट फिरवून ती जागेवर आणता येते. हे काम काही मिनिटांचे आहे आणि यासाठी गिअरबॉक्स उतरविला जातो हे ऐकले की आमच्या जिवाचे पाणी होते.

केबल तुटली तर काय होते, याचाही उल्लेख येथेच केलेला बरा, कारण त्यावरून क्लचचा स्वभाव चांगला कळतो. पाऊणशे वर्षांच्या एका अत्यवस्थ आजोबांना अंत्यविधीचे संस्कार देण्यासाठी एकदा आम्ही रात्री डोंगरातल्या पाड्यावर निघालो होतो. वाटेत पेडल एकाएकी तळाला जाऊन पडले. केबल तुटली होती. पण केबल तुटली म्हणजे सोडविणारा गेला, धरणारी स्प्रिंग शाबूतच होती. इंजिन आणि चाके जोडलेलीच राहिली. म्हणून इंजिन बंद करून पहिला गिअर टाकला आणि तसाच स्टार्टर मारला. गाडी दोन गचके खाऊन चालू लागली. थोडा वेग आल्यावर रेस सोडून गिअर न्यूट्रलमध्ये काढला, इंजिनाचा आवाज उतरू दिला आणि दुसरा गिअर बोटांनी चाचपत टाकला. पुढचा सगळा रस्ता दुसऱ्या गिअरवरच काटला. आजोबा शुद्धीवर होते. हा प्रयोग निर्जन, सरळ रस्त्यावर आणि दुसरा इलाजच नसताना करावयाचा आहे. रहदारीत याच्या वाटेस जाऊ नये, गाडी बाजूला घेऊन मदत बोलवावी.

आता दुसऱ्या दुखण्याकडे, न धरण्याकडे वळतो. हे अधिक लबाड आहे, कारण ते हळूहळू येते आणि दुसऱ्या रोगाचे सोंग घेते. पुढच्या वाडीतले एक गृहस्थ शाळेच्या मुलांची व्हॅन चालवितात. ‘पिकअप गेला’ अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी एअर फिल्टर बदलला, पेट्रोलची वाट साफ करून घेतली, प्लग नवे घातले. गाडी पुलाच्या चढावर तशीच रडे. एके रविवारी मिस्सेनंतर आम्ही त्यांच्या शेजारी बसून एक फेरफटका मारला. मोकळ्या रस्त्यावर गाडी ताशी ४० किलोमीटरच्या वेगात चौथ्या गिअरला आणली आणि म्हटले, “दादा, आता रेस पूर्ण दाबा आणि कानांनी ऐका.” इंजिनाचा आवाज भर्रकन चढला. वेगाचा काटा मात्र जागेवरच रेंगाळला. दुसऱ्यांदा दाबले तेव्हा जळक्या गोणपाटासारखा वास आत आला.

इंजिन अशक्त झाले असेल, फिल्टर तुंबला असेल किंवा ब्रेक चिकटून राहत असतील, तर गाडी सुस्त होते हे खरे. पण तेव्हा इंजिनाचा आवाजही सुस्तच राहतो. आवाज धावतो आणि गाडी धावत नाही, असे झाले की मधली पकड सुटली. हा भेद कानांना पडला की फिल्टर, प्लग आणि तेल यांवरचा निम्मा खर्च वाचतो. उभ्या गाडीवर करावयाची एक कसोटीही गॅरेजात प्रसिद्ध आहे. सपाट जागी, पुढे-मागे कोणी नसताना, हँडब्रेक घट्ट ओढून, ब्रेकवर पाय रोवून चौथा गिअर टाकावयाचा आणि क्लच बेताने सोडावयाचा. निरोगी क्लच इंजिन तत्काळ बंद पाडतो. इंजिन कण्हत का होईना पण चालूच राहिले, तर क्लच घसरतो आहे. ही कसोटी एकदाच घ्यावी. दर खेपेस ती तबकडीचे थोडे आयुष्य खाते.

घसरणाऱ्या क्लचचीही बाहेरून होणारी एक चौकशी आहेच. पेडलची मोकळी चाल पाहावी. तबकडी झिजत गेली की स्प्रिंगची बोटे बेअरिंगच्या दिशेने मागे सरकत येतात आणि केबलच्या गाडीत मोकळी चाल आपोआप कमी होत जाते. ती संपली की आपण पाय न ठेवताही पेडल किंचित दाबल्यासारखेच राहते आणि धडधाकट तबकडीही घसरू लागते. तेव्हा नट सैल करून चाल परत दिली की कित्येकदा क्लच वाचतो. आदल्या दुखण्यात केबल ताणावयाची होती, या दुखण्यात सैल करावयाची. ‘क्लच गेला’ एवढेच ऐकून ज्याने नट उलटीकडे फिरविला, त्याने दुखणे दुप्पट केले म्हणून समजावे.

या व्हॅनला मात्र तेवढ्याने गुण येण्यासारखा नव्हता. नट सैल करण्याची मर्यादा केव्हाच संपली होती, पेडल जड झाले होते, आणि पेडल जवळजवळ पूर्ण वर आल्याखेरीज गाडी उचलत नव्हती. तिन्ही लक्षणे एकत्र आली की तबकडीचे दिवस भरले. गृहस्थ म्हणाले, “फादर, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ढकलतो. सुट्टीत गाडी रिकामीच असते.” त्यांची अडचण खोटी नव्हती, गाडी दोन दिवस बंद म्हणजे दोन दिवसांची मुले दुसऱ्याच्या व्हॅनमध्ये, आणि गेलेले गिऱ्हाईक परतेल याची शाश्वती नाही. तरीही आम्ही त्यांना स्पष्ट शब्दांत नको म्हटले. घसरण्याने उष्णता वाढते, उष्णतेने लायनिंग आणखी घसरते, आणि हे चक्र एकदा सुरू झाले की ते आठवड्यांत मोजावयाचे असते, महिन्यांत नव्हे. भरल्या व्हॅनची पकड पुलाच्या चढावर, मागे ट्रक असताना सुटली तर गाडी पुढे जात नाही, आणि उतारावर इंजिनाचा जो आवर मिळतो तोही भरवशाचा राहत नाही. त्या व्हॅनमध्ये आमच्याच धर्मग्रामातली पोरे असतात. आम्ही दोन दिवस दुसऱ्या गाडीची व्यवस्था लावून दिली आणि गाडी त्याच सोमवारी उघडली गेली.

आवाजांबद्दल थोडक्यात. पेडलवर पाय पडताच किर्र किंवा घर्र आवाज सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंग संशयित. उलट, न्यूट्रलमध्ये पेडल मोकळे असताना आवाज आहे आणि पेडल दाबताच तो विरतो, तर तो गिअरबॉक्समधल्या दांड्याच्या बेअरिंगचा असण्याचा संभव फार. नवा क्लच घातल्याने तो जाणार नाही. गाडी उचलताना अंगभर थरथरत असेल तर लायनिंगवर ऑइल आले असेल किंवा फ्लायव्हील तापून त्यावर डाग पडले असतील. पण त्याआधी इंजिनाचे रबरी माउंटिंग पाहावे. तुटके माउंटिंग अगदी हुबेहूब तशीच थरथर करते, आणि ते बदलण्यास काहीच उघडावे लागत नाही.

जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले तेव्हा एक निराळाच प्रकार पाहावयास मिळाला. कित्येक गाड्या दिवसच्या दिवस पाण्यात उभ्या होत्या. पाणी ओसरल्यावर, इंजिने साफ करून झाल्यावर, काही गाड्यांत पेडल दाबले तरी गिअरच पडेनात. पेडल ठीक, ऑइल ठीक, केबल ठीक. तबकडी गंजाने फ्लायव्हीलला चिकटून बसली होती. धरणाऱ्याने जणू सोडावयाचेच नाकारले. हे दुखणे फार दिवस उभ्या राहिलेल्या गाडीलाही होते, विशेषतः पावसाळ्यात. आखातात किंवा बोटीवर नोकरीस असलेल्या मंडळींच्या घरच्या गाड्यांत आम्ही ते पाहिले आहे. अशी गाडी हिसके देऊन सोडविण्याच्या नाना युक्त्या लोक सांगतात. चिकटलेली तबकडी ऐन अंगणात एकाएकी सुटली की गाडी कोणत्या दिशेने उडी घेईल याचा नेम नसतो, म्हणून ते काम जाणत्या मिस्त्रीवर सोपवावे. परदेशी निघालेल्याने घरच्यांपैकी कोणी आठवड्यातून एकदा गाडी फिरवील एवढी तजवीज करून जावी.

क्लच अकाली का मरतो, याची कारणे बहुधा डाव्या पायाशीच सापडतात. वाहतूक कोंडीत पेडलवर पाय विसावलेला ठेवणे ही सवय आपल्याकडे साथीसारखी पसरली आहे. घोडबंदर रस्त्यावर गायमुखाच्या चढाला रांग लागली की निम्म्या गाड्या हाफ क्लचवर तोलून धरलेल्या दिसतात. हँडब्रेक नावाची वस्तू गाडीत आहे याचा मालकांना विसर पडलेला असतो. तबकडी तेव्हा अर्धवट धरलेली, अर्धवट सुटलेली असते आणि फ्लायव्हील तिला सतत घाशीत असते. चढावर हँडब्रेक ओढून, न्यूट्रल करून, दोन्ही पाय मोकळे ठेवून बसावे. शिकाऊ मुलामुलींना हे पहिल्या दिवशी शिकवावे. त्यांच्यावर ओरडू मात्र नये. शिकाऊ पायाखाली क्लच थोडा झिजणारच, आणि त्याचा हिशोब बापाने आधीच मनाशी मांडून ठेवावा.

गिअरबॉक्स उतरावयाचाच आहे असे ठरले, तर मग कंजुषी करू नये. तबकडीबरोबर प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही बदलून घ्यावे, कारण लहानसे बेअरिंग उद्या रुसले तर पुन्हा तीच उचलठेव. फ्लायव्हीलच्या तोंडावर बोट फिरवून चरे पाहावेत. इंजिनाच्या मागचे ऑइल सील पाझरते का ते तेव्हाच पाहून घ्यावे. ते पाझरत असेल तर नवी तबकडीही महिन्याभरात तेलकट होऊन घसरू लागेल आणि शिव्या नव्या तबकडीला बसतील. जुने भाग परत मागावेत. यात अविश्वास नाही, शिकणे आहे.

आणखी एक सांगावयाचे ते गॅरेजातल्या पोरांविषयी. जुन्या काळच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस घालीत असत. त्याची धूळ श्वासाबरोबर फुप्फुसात गेली की वर्षानुवर्षांनी जीवघेणी दुखणी उपटतात. आतल्या लायनिंगमध्ये काय आहे हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. असे असताना गिअरबॉक्स उतरला की पहिले काम म्हणून हवेच्या नळीने सगळी धूळ फुर्रकन उडवून देण्याची पद्धत पडली आहे, आणि ती नळी बहुधा सर्वांत धाकट्या पोराच्या हाती असते.

त्या सोमवारी व्हॅन उघडली तेव्हा आम्ही मुद्दाम जाऊन उभे राहिलो. मिस्त्रीला धूळ उडवू नकोस म्हणून विनविले. त्याने कुरकुरत का होईना ओले फडके मागविले. पोराच्या तोंडाला आम्ही आमचा रुमाल बांधावयास दिला, आणि धूळ पुसून झाल्यावर ते फडके पिशवीत बांधून टाकावयास लावले. मग मिस्त्रीने ती जुनी तबकडी व्हॅनच्या मालकाच्या हातावर ठेवली. लायनिंग रिव्हेटच्या पातळीला आले होते, दोन रिव्हेटांची डोकी घासून चांदीसारखी चमकत होती आणि कडेचा एक तुकडा बोटाने हलत होता. गृहस्थांनी ती उलटसुलट करून पाहिली, दिवाळीला किती आठवडे आहेत ते बोटांवर मोजले, आणि काही न बोलता नव्या सेटचे पैसे काढून दिले.